थंडीच्या सुट्टीत बालीला निवांत जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या जानेवारीत आम्ही चौघं, म्हणजे मी, नवरा, मुलगी आणि माझी ६८ वर्षांची आई, बालीत सानूरला नऊ दिवस राहून आलो. तेव्हापासून सोसायटीत, ऑफिसात, आत्याच्या ग्रुपवर सगळीकडे तेच तेच विचारतायत, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. आधीच सांगते, आम्ही रोज पाच स्पॉट उरकायला गेलो नव्हतो, आराम करायला गेलो होतो, त्यामुळे उत्तरंही त्याच अंगाने येतील.

डिसेंबर-जानेवारीत तिकडे थंडी असते का? स्वेटर घेऊ का?

अजिबात नाही. बाली विषुववृत्ताच्या जरा खाली आहे, वर्षभर २६ ते ३१ डिग्री, आणि आपल्याकडे थंडी असते तेव्हा तिथे चक्क पावसाळा. साधारण नोव्हेंबर ते मार्च पाऊस, जानेवारीत सगळ्यात जास्त. एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा. स्वेटर फक्त विमानात लागतो. सुती कपडे, पटकन वाळणारे, आणि एक हलका रेनकोट, बस.

मग पावसात कशाला जायचं?

हा प्रश्न आईनेच पहिल्यांदा विचारला होता. आपल्या कोकणासारखा चार-चार दिवस धरून बसणारा पाऊस आम्हाला तरी मिळाला नाही, बहुतेक दिवस दुपारी तीन-चारला आभाळ भरून यायचं, तासदीड तास धो धो पडायचं आणि मग सगळं धुतल्यासारखं स्वच्छ. सकाळ मोकळी मिळायची. ज्यांना यादी हातात घेऊन फिरायचंय त्यांना हे जाचक होईल, पण व्हरांड्यात बसून चहा पीत नारळाच्या झाडांवर पडणारा पाऊस बघायला तुमची हरकत नसेल तर जानेवारी उत्तम आहे. एक मात्र लक्षात ठेवा, नाताळ ते साधारण ५ जानेवारी सगळं फुल्ल आणि महाग असतं, ऑस्ट्रेलियातल्या शाळांना तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असते ना. त्यानंतर रेट उतरतात. मुलांची शाळा आड येत नसेल तर जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा धरा.

राहायचं कुठे? सगळे कुटा-सेमिन्याक म्हणतात.

ह्याचं उत्तर जरा लांब आहे कारण आख्खी ट्रिप ह्यावर ठरते. कुटा, लेगियन, सेमिन्याक हे पश्चिमेचे किनारे. सूर्यास्त सुंदर, लाटा मोठ्या, दुकानं, पार्ट्या, ट्रॅफिक. पण पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो आणि समुद्रातला कचरा, प्लास्टिक, लाकडं सगळं ह्याच किनाऱ्यावर आणून टाकतो. डिसेंबर ते फेब्रुवारी तिथे कचरा गोळा करायला ट्रॅक्टर फिरतात. इंस्टाग्रामवरचा फोटो डोक्यात ठेवून त्या दिवसांत कुटाला गेलात तर जीव हळहळतो.

सानूर आणि नुसा दुआ पूर्वेला आहेत. समोर प्रवाळाची रांग असल्यामुळे लाटा बाहेरच फुटतात आणि किनाऱ्याजवळ पाणी शांत, गुडघाभर, लहान मुलांना आणि आजीआजोबांना मस्त. नुसा दुआ म्हणजे गेटच्या आतली मोठी रिसॉर्टं, एकदम नीटनेटकं, पण बाहेरचं बाली तिथे कमीच दिसतं. सानूर हे खरंखुरं गाव आहे, शाळा, देऊळ, भाजीबाजार, आणि त्यातच हॉटेलं. मला म्हणून सानूरच आवडलं. तिथे १९६६ साली राष्ट्राध्यक्ष सुकार्नोंच्या काळात दहा मजली बीच हॉटेल उभं राहिलं, लोकांना ते फार खटकलं, आणि पुढे नियमच आला की नारळाच्या झाडापेक्षा उंच बांधायचं नाही, म्हणजे साधारण १५ मीटर. त्यामुळे किनाऱ्यावरून मागे बघितलं तर नजरेत झाडं येतात, इमारती नाहीत. आपल्या अलिबाग-काशीदला कोणी असा नियम वेळेवर केला असता तर, असं सारखं वाटत राहिलं.

उत्तरेला लोविना आहे, काळी वाळू, पाऊस जरा कमी, पण एअरपोर्टपासून तीन-साडेतीन तास. उबुद सुंदर आहे पण तिथे समुद्र नाही आणि पाऊस जास्त.

नऊ दिवस एकाच ठिकाणी बसून करता काय?

सकाळी साडेपाच-सहाला उठायचं. सानूरला सूर्य समुद्रातून उगवतो, आणि आभाळ मोकळं असेल तर डावीकडे गुनुंग आगुंग दिसतो, ३००० मीटरपेक्षा उंच ज्वालामुखी, तिकडच्या लोकांसाठी आपल्या कैलासासारखा. समोर पाण्यात नुसा पेनिडा बेट. किनाऱ्याला लागून पाचेक किलोमीटरची फरसबंद वाट आहे, गाड्या नाहीत, फक्त चालणारे आणि सायकलवाले. जुकुंग नावाच्या रंगीत होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या असतात, दोन्ही बाजूंना बांबूचे हात असलेल्या. आई रोज अर्धा तास चालायची आणि मग बाकावर बसून राहायची. मग नाश्ता, पाण्यात डुंबणं, दुपारी झोप, पाऊस, संध्याकाळी परत तीच वाट. पूर्ण नऊ दिवसांत गाडी करून आम्ही फक्त तीनदा बाहेर पडलो. मुलगी पहिले दोन दिवस बोअर बोअर करत होती, तिसऱ्या दिवशी तिथल्या मुलांबरोबर खेकडे शोधायला लागली ते शेवटपर्यंत.

बालीतले लोक हिंदू आहेत म्हणजे आपल्यासारखेच का?

८६-८७ टक्के लोक हिंदू आहेत, तेही जगातल्या सगळ्यात जास्त मुस्लिम लोकसंख्येच्या देशात, हे ऐकूनच आपल्याला भरून येतं. पण "आपल्यासारखेच" म्हणून गेलात तर गोंधळ होईल. सगळ्यात मोठा फरक म्हणजे दर्शन. आपण देवळात जातो, मूर्ती बघतो, हात जोडतो. तिथे देऊळ म्हणजे उघडी अंगणं, एकाच्या आत एक, आणि सगळ्यात आत उंच दगडी आसन असतं, पद्मासन, आणि ते रिकामं असतं! परमेश्वराला ते सांग ह्यांग विधी वासा म्हणतात, आणि देवळाच्या वर्धापनदिनाला, ओदालानला, देव खाली येऊन बसतात अशी श्रद्धा. आतल्या अंगणात बाहेरच्यांना बहुतेक ठिकाणी सोडत नाहीत. आई पहिल्या देवळात "अगं देव कुठाय?" म्हणून शोधत होती, समजावल्यावर बराच वेळ त्या रिकाम्या आसनाकडे बघत उभी राहिली.

आणि मग अचानक काहीतरी इतकं ओळखीचं समोर येतं ना. पहिल्याच संध्याकाळी सहाला लाऊडस्पीकरवर गायत्री मंत्र लागला. त्रिसंध्या म्हणतात, सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा. उच्चार वेगळा, चाल वेगळी, पण ॐ भूर्भुवः स्वः ऐकून आई खुर्चीतून उठून उभीच राहिली. प्रार्थनेनंतर पुजारी पाणी शिंपडतात त्याला तीर्तच म्हणतात, आपलं तीर्थ. आणि कपाळाला ओले तांदूळ लावतात, आपल्या अक्षताच. समुद्राला सेगारा, सागर. भेटल्यावर "ओम स्वस्तिअस्तु", धन्यवाद म्हणजे "सुक्सुमा". नवऱ्याला इंडोनेशियन भाषेत सुआमी म्हणतात, ते स्वामी!

रस्त्यात, दुकानात, स्कूटरवर फुलांच्या छोट्या टोपल्या दिसतात, त्या काय?

त्याला चानांग सारी म्हणतात. नारळाच्या कोवळ्या पात्यांची तळहाताएवढी चौकोनी टोपली, तळाशी विड्याचं पान, चुना आणि सुपारी, वर फुलं. फुलांना दिशा असतात, पूर्वेला पांढरी, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पिवळी, उत्तरेला निळी किंवा हिरवी. वर उदबत्ती, कधी बिस्किट, कधी चॉकलेटसुद्धा. दारात, तुळशीवृंदावनासारख्या छोट्या देव्हाऱ्यावर, दुकानाच्या गल्ल्याजवळ, किनाऱ्यावर वाळूत, सगळीकडे. आमच्या हॉटेलातल्या बाई रोज सकाळी कमरेला सेलेंदांग म्हणजे पट्टा बांधून तबक घेऊन निघायच्या, एकेक ठेवून पाणी शिंपडायच्या आणि हाताने उदबत्तीचा धूर वर ढकलायच्या. तिसऱ्या दिवशी आई त्यांच्याजवळ जाऊन बसली. दोघींची भाषा एक नाही, पण तासाभरात आई पातं दुमडून काडीने टाचायला शिकली. आपल्याकडे पत्रावळी लावायचे तसंच की गं, म्हणाली. माझ्यासाठी ट्रिपमधला सगळ्यात सुंदर तास तोच, आणि तो कुठल्याही पॅकेजमध्ये मिळत नाही.

चालताना त्यावर पाय देऊ नका, निदान उदबत्ती जळत असताना तरी नक्कीच नाही. मुलांना आधीच सांगून ठेवा.

देवळात जायचे नियम काय?

कमरेला सारोंग, म्हणजे लुंगीसारखं गुंडाळायचं कापड, आणि वर पट्टा, बाई-पुरुष दोघांनाही. मोठ्या देवळांत तिकिटाबरोबर मिळतो, पण स्वतःचा एक विकत घ्या, स्वस्त आहे आणि नंतर किनाऱ्यावर पंचासारखा वापरता येतो. पाळीत बायकांनी आणि घरात सुतक असणाऱ्यांनी आत येऊ नये असे बोर्ड असतात. पुजाऱ्यांपेक्षा उंच जागी चढून फोटो काढू नका. तीर्त एम्पुल देवळाच्या झऱ्यात लोक रांगेने धारांखाली डोकं धरतात, तिथे तुम्हालाही उतरता येतं, पण ते लोक खरोखर शुद्धीसाठी आलेले असतात, त्यामुळे मोबाईल बाहेर ठेवून उतरा.

थंडीत तिथे कुठला सण असतो का?

गालुंगान हा मोठा सण, पण तो २१० दिवसांच्या त्यांच्या कॅलेंडरने येतो त्यामुळे दरवर्षी तारीख सरकते. पुढचे दोन १७ जून २०२६ आणि १३ जानेवारी २०२७. म्हणजे पुढच्या थंडीत जाणाऱ्यांनी ही तारीख पकडाच! घराघरापुढे पेन्जोर उभे करतात, उंच बांबू, शेंड्याला वाकलेला, नारळाच्या पात्यांनी, भाताच्या लोंब्यांनी, फळांनी सजवलेला. आख्खा रस्ता दोन्ही बाजूंनी गुढ्या उभारल्यासारखा दिसतो. पितर घरी येतात अशी श्रद्धा आणि दहा दिवसांनी, कुनिंगानच्या दिवशी, परत जातात.

शिवरात्र त्यांची साधारण जानेवारीत येते, आपल्या आधी. यंदा १७ जानेवारीला होती, आम्ही तिथेच होतो. लोक रात्रभर देवळात जागतात आणि गोष्ट सांगतात ती लुब्धकाची, शिकारी झाडावर रात्रभर बसून झोप येऊ नये म्हणून पानं तोडत राहतो आणि ती खाली पिंडीवर पडतात. आईने लहानपणापासून ऐकलेली व्याधाची कथाच ती.

आणि न्येपी. हे त्यांचं शक नववर्ष, म्हणजे आपलंच शालिवाहन शकाचं गणित. २०२६ मध्ये न्येपी आणि आपला पाडवा एकाच दिवशी, १९ मार्चला, आणि दोन्हीकडे शक १९४८. आपण शोभायात्रा काढतो आणि ते पूर्ण गप्प बसतात. २४ तास दिवे नाहीत, गाड्या नाहीत, घराबाहेर पडायचं नाही, एअरपोर्टसुद्धा बंद. पर्यटकांनीही हॉटेलातच राहायचं. मार्चचं तिकीट काढणार असाल तर तारीख बघूनच काढा.

शाकाहारी माणसाचं काय होतं तिथे?

उपाशी राहणार नाही, पण विचारून खावं लागतं. बालीतले हिंदू मांसाहारी आहेत, डुकराचं मांस तर सणाचं मुख्य जेवण, ह्याचा धक्का घेऊ नका. भाज्यांच्या पदार्थातसुद्धा फसगत होते ती तेरासीमुळे, म्हणजे सुक्या कोळंबीची पेस्ट, सांबल चटणीत बहुधा असतेच. "तानपा दागिंग, तानपा इकान, तानपा तेरासी" एवढं पाठ करा, मांस नको, मासे नको, तेरासी नको. अंडं नको असेल तर "तानपा तेलुर". टेम्पे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, खरपूस तळलेली, आम्ही रोज खाल्ली. उराप म्हणजे उकडलेल्या पालेभाज्यांवर ओलं खोबरं, अगदी घरचं वाटतं. छोट्या खानावळीला वारुंग म्हणतात, तिथे समोर मांडलेल्या भाज्यांकडे बोट दाखवून भाताबरोबर ताट करून घ्यायचं, नासी चाम्पुर. सानूर-कुटाला भारतीय हॉटेलं आहेत, आईसाठी दोनदा वरणभात शोधला.

मासे खाणाऱ्यांनी जिम्बारानच्या किनाऱ्यावर वाळूत टेबल टाकून नारळाच्या करवंट्यांवर भाजलेला मासा खावा. मालवणी माणसाला मसाला गोडसर लागेल, पण मासा ताजा असतो. आणि भाव आधी ठरवा, वजन समोर करून घ्या.

गोड काही?

क्लेपोन! तांदळाच्या पिठाची हिरवी गोळी, आत पातळ गूळ, वर ओलं खोबरं, तोंडात फुटते. दादार गुलुंग म्हणजे हिरवं धिरडं, आत गूळखोबऱ्याचं सारण. मोदक आणि पातोळ्यांवर वाढलेल्या माणसाला ह्याहून जास्त काय सांगू. सकाळी बाजारात लवकर जा, दहापर्यंत संपतात.

समुद्र सेफ आहे का?

सानूर, नुसा दुआला हो. ओहोटीला मात्र पाणी खूप आत जातं आणि खडक उघडे पडतात, पोहायचं असेल तर भरतीची वेळ हॉटेलात विचारा. पायात रबरी बूट हवेतच, समुद्री साळू (सी अर्चिन) असतात, काटा रुतला तर दोन दिवस गेले. पश्चिमेच्या किनाऱ्यांवर आत ओढणारा प्रवाह असतो, लाल बावटा असेल तर पाण्यात पाऊलसुद्धा टाकायचं नाही, आणि लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधेच पोहायचं. दरवर्षी माणसं बुडून मरतात तिथे, मी गंमतीत नाही सांगत.

नुसा पेनिडाला जाऊन यावं का?

जानेवारीत आईवडिलांना घेऊन असेल तर माझं सरळ उत्तर नाही. आम्ही गेलो. सानूरहून स्पीडबोट, ४५ मिनिटं, आणि मधल्या सामुद्रधुनीत बोट अशी आपटायला लागली की अर्धी बोट उलट्या करत होती. तिकीट देणाऱ्याने "समुद्र छान आहे" सांगितलं होतं. आईची कंबर पुढे तीन दिवस धरली, आणि त्या तीन दिवसांची रुखरुख मला अजून आहे. कोरड्या महिन्यांत जा, सकाळची पहिली बोट घ्या, मागच्या बाजूला बसा.

त्याऐवजी संध्याकाळी उलुवातूला जा. साधारण ७० मीटर उंच कड्यावर देऊळ, खाली समुद्र, आणि सूर्य बुडताना केचाक नाच. एकही वाद्य नाही, पन्नास-साठ पुरुष गोल बसून "चक चक चक" म्हणतात आणि मधे रामायण चालतं, शेवटी हनुमान आग उधळतो. आई सगळी गोष्ट मुलीला आधी आधी सांगत होती. तिथल्या माकडांपासून चष्मा सांभाळा, खरंच काढून नेतात.

मसाज घ्यावा का?

नक्की. किनाऱ्यावरच्या मावश्यांकडे स्वस्तात होतो, हॉटेलात महाग. पण तुम्ही बोरेह मागा, लवंग, आलं, दालचिनी, तांदूळ वाटून केलेला गरम लेप, शेतात राबणारे लोक अंगदुखीवर लावायचे. दिवाळीच्या पहाटेचं उटणं आठवलं मला.

व्हिसा, पैसे?

भारतीयांना तिथे उतरल्यावर व्हिसा मिळतो, ५ लाख रुपिया, ३० दिवस, एकदा वाढवता येतो. ऑनलाइन आधी काढला तर रांग वाचते, पण सरकारी साइटवरूनच, नकली साइट्स खूप आहेत. शिवाय फेब्रुवारी २०२४ पासून १.५ लाख रुपिया पर्यटन कर. आकडे बघून घाबरू नका, दोन्ही मिळून माणशी साडेतीन हजार रुपयांच्या आसपास. पासपोर्ट सहा महिने तरी चालू हवा. तिथे पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमनाचा फॉर्म भरायचा, तो फुकट आहे. दिल्ली आणि बंगळुरूहून थेट विमान आहे, मुंबई-पुण्याचे बरेच जण सिंगापूर नाहीतर क्वालालंपूरवरून जातात. एटीएममधून बऱ्याचदा आधी पैसे येतात आणि कार्ड नंतर, त्यामुळे पैसे घेऊन लगेच वळू नका.

फिरायला स्कूटर घेऊ का?

तुमच्याकडे टू-व्हीलरचं इंटरनॅशनल लायसन्स आणि हेल्मेट असेल, आणि पावसात चालवायची सवय असेल तरच. नाहीतर इन्शुरन्स हात वर करतो. दिवसभराची गाडी ड्रायव्हरसकट ठरवणं सगळ्यात सोपं, चौघांत परवडतं. अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, २५ किलोमीटरला दीड तास लागू शकतो.

पाणी, प्लग, डास वगैरे?

नळाचं पाणी नाही, बाटलीचंच. आपले दोन गोल पिनांचे चार्जर चालतात, तीन पिनांना अडॅप्टर. घड्याळ अडीच तास पुढे. पावसाळ्यात डास आहेत, ओडोमॉस इथूनच न्या. कुत्र्यामाकडांना हात लावू नका, रेबीज आहे. स्थानिक गावठी दारू, आराक, अनोळखी ठिकाणी अजिबात नको, भेसळीने माणसं दगावली आहेत.

वयस्कर आईवडिलांना झेपेल का?

सपाट जागी राहिलात तर नक्की. सानूर सपाट आहे. हॉटेल घेताना तळमजल्याची खोली मागा आणि बाथरूमच्या पायऱ्या विचारा, बऱ्याच बंगल्यांत अंघोळीची जागा अर्धी उघडी असते आणि पावसात निसरडी होते. मोठ्या देवळांत पायऱ्या खूप, त्यातलं एखादंच निवडा. जेवणाच्या वेळा पाळा, दुपारची झोप सोडू नका.

परत जाल का?

तिकिटं बघतेय. जानेवारी २०२७, गालुंगानच्या दोन दिवस आधी पोचायचं, तेच हॉटेल, तीच खोली. आईने नारळाच्या पात्यांऐवजी केळीच्या पानांची टोपली टाचायचा सराव घरी चालू केलाय, त्या बाईंना दाखवायला.